हलक्या तारांची बाजू

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. इलेक्ट्रिक गिटारवर जाड तारा लावण्यात कसलीही मर्दुमकी नाही. तुम्ही आठवडाभर कीबोर्ड बडवून शनिवार-रविवारी तास-दोन तास गिटार वाजवणाऱ्यांपैकी असाल आणि गिटारवर टेन्स किंवा इलेव्हन्स असतील, तर पुढच्या वेळी तारा बदलताना एक पायरी खाली उतरा. नाइन्स लावून बघा. आवाज जाणार नाही, इज्जत जाणार नाही, बोटं मात्र वाचतील.

विषय किरकोळ वाटतोय ना? तारांच्या जाडीवर कुणी निबंध लिहितं का? पण जरा आजूबाजूला बघा. पहिल्या बोनसमधून हौसेने घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आणि आता ती हॉलच्या भिंतीवर शोभेला, हे दृश्य हिंजवडीपासून पवईपर्यंत कुठेही दिसेल. कारण विचारलं की "वेळच मिळत नाही रे" हे ठरलेलं उत्तर. थोडं खोदलं की खरं कारण बाहेर येतं. बेंड सुरात लागत नव्हते, बोटं दुखायची, दुखतात म्हणून सराव कमी, सराव कमी म्हणून वाजत नाही, आणि मग हळूहळू मनच उडालं. तारा बदलल्या की अशी प्रत्येक गिटार भिंतीवरून खाली येईल असा माझा दावा नाही. पण काही नक्की येतील, आणि त्यासाठी खर्च फक्त एका सेटचा. त्या मानाने निबंध स्वस्त आहे :-)

ज्यांना ही परिभाषा नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तारेची जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ज्या सेटमधली सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची तो 'टेन्स'चा सेट. त्यातली सगळ्यात जाड तार सहसा ०.०४६ ची असते. 'नाइन्स' म्हणजे ०.००९ ते ०.०४२. त्याखाली 'एट्स', आणि वर 'इलेव्हन्स', 'ट्वेल्व्ज' वगैरे वाढत जातात. थोडक्यात, टेन्स आणि नाइन्समध्ये पहिल्या तारेपुरता फरक आहे इंचाच्या एक हजारांशाचा. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.०२५. साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीचा पाव हिस्सा.

एवढ्याशा फरकाने होतं काय? इथे आपलं अकरावीचं भौतिकशास्त्र कामाला येतं. तार ठरावीक लांबीची आणि ठरावीक सुरात हवी असेल, तर तिच्यावरचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. साध्या, म्हणजे वेटोळं न घातलेल्या तारेचं वजन व्यासाच्या वर्गाबरोबर वाढतं. नऊचा वर्ग ८१, दहाचा १००. म्हणजे जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की ताण तब्बल १९ टक्क्यांनी कमी होतो. फेंडरच्या साडेपंचवीस इंची मापावर ०.०१० ची पहिली तार साधारण ७.४ किलोच्या ताणावर असते, ०.००९ ची ६ किलोच्या. सहाही तारा मिळून बघितलं तर टेन्सचा सेट गिटारच्या मानेला सुमारे ४७ किलोनी ओढत असतो, नाइन्सचा साडेअडतीस किलोनी. मधल्या आठ-साडेआठ किलोंशी तुमची बोटं दर मिनिटाला झटापट करत असतात.

आता बेंडचं बघू, कारण खरी परीक्षा तिथेच होते. एक पूर्ण स्वर वर जायचं तर तारेचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. टेन्सवर म्हणजे ७.४ वरून ९.३ किलो, नाइन्सवर ६ वरून साडेसात. गंमत अशी की नाइन्सवर पूर्ण स्वर ओढलेल्या तारेवरचा ताण हा टेन्सच्या न ओढलेल्या तारेइतकाच भरतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा वाद घालायची फारशी गरज उरत नाही. पण वाद घालायला मजा येते, म्हणून घालू.

जाड तारांच्या बाजूने सगळ्यात आधी टाकला जाणारा पत्ता म्हणजे स्टीव्ही रे वॉन. टेक्सासचा हा ब्लूजवाला ०.०१३ पासून सुरू होणारे सेट लावायचा, आणि त्याचा आवाज म्हणजे... असो, ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की आवाज जाड हवा तर तार जाड हवी. १९८३ साली त्याचा पहिला अल्बम आला तेव्हापासून आजपर्यंत किती पोरांनी या निष्कर्षापायी बोटं सोलून घेतली असतील, देव जाणे.

या कथेतले दोन तपशील मात्र हटकून गाळले जातात. पहिला, तो गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. त्यामुळे ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. तरीही त्याची पहिली तार ११ किलोच्या आसपास राहतेच, म्हणजे आपल्या टेन्सच्या दीडपट. दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा. त्याच्या बोटांची कातडी फाटायची आणि तो ती सुपरग्लूने चिकटवून पुढचा कार्यक्रम वाजवायचा. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला ती ऐकून कौतुक वाटतं ते त्याच्या जिद्दीचं, तारांचं नव्हे. तो पूर्णवेळ वाजवत होता, हात भलेमोठे होते, आणि त्याच्या वाजवण्यात जी ताकद होती ती मनगटातून आणि तालातून येत होती. आपण सोमवारी सकाळी स्टँडअपला बसायचंय. बोटाला सुपरग्लू लावून कोड रिव्ह्यू करणं काही खरं नाही.

आणि उलट बाजूची यादी कुणी का काढत नाही? झीझी टॉपचा बिली गिबन्स घ्या. ब्लूज-रॉकमधला सगळ्यात भरदार आवाजांपैकी एक त्याचा. तो कित्येक वर्षं ०.००७ पासून सुरू होणाऱ्या तारा वाजवतोय. सातच्या! त्याने अनेक मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा की तरुणपणी बी. बी. किंगने त्याची गिटार हातात घेतली, त्या जाड तारा चाचपल्या, आणि एवढी मेहनत कशाला करतोस, असं विचारलं. ब्लूजच्या बादशहाने हा प्रश्न विचारल्यावर पोरगं काय उत्तर देणार? क्वीनच्या ब्रायन मेने आयुष्यभर हलक्याच तारा वापरल्या. जिमी पेजच्या गिटारवर नाइन्स असायच्या. हेंड्रिक्ससाठी इफेक्टची यंत्रं बनवणारा इंजिनियर रॉजर मेयर सांगतो की हेंड्रिक्सची पहिली तार दहाची असली तरी खर्जाची तार फक्त ०.०३८ ची असे. आजच्या नाइन्सच्या सेटमध्ये असते त्याहूनही बारीक.

पण या यादीत माझा आवडता माणूस टोनी आयोमी. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवाच. दुसऱ्या कुणी गिटार विकून टाकली असती. याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, आणि जाड तारा त्या टोप्यांनी दाबता आणि ओढता येईनात म्हणून सुरुवातीला चक्क बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्याने गिटार आणखी तीन अर्धस्वर खाली उतरवली. याने ताण सुमारे ३० टक्क्यांनी आणखी घटतो. हलक्या तारा आणि त्याही सैल.

त्यातून निघालं काय? हेवी मेटल. नावातच 'हेवी' असलेल्या संगीताचा पाया ज्या माणसाने घातला त्याच्या गिटारवर त्या काळातल्या बहुतेकांपेक्षा हलक्या तारा होत्या. जाड तार म्हणजे जाड आवाज हे समीकरण यापुढे कुणी ऐकवलं तर ब्लॅक सॅबथची एखादी रेकॉर्ड लावा आणि गप्प बसून राहा.

इतिहासात आणखी थोडं मागे गेलो तर हा सगळा वाद मुळातून उलटा दिसायला लागतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत गिटारच्या तारा सरसकट जाड असत, कारण त्या जाझच्या आणि ॲकूस्टिक गिटारच्या काळातून तशाच पुढे आल्या होत्या. तिसरी तारसुद्धा वेटोळं घातलेली, जवळजवळ ०.०२९ ची. तिच्यावर बेंड म्हणजे भिंत ढकलण्यासारखं. त्यामुळे जेम्स बर्टनसारखे हुशार वादक बँजोच्या तारा आणून लावू लागले. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल नावाच्या माणसाचं गिटारचं दुकान होतं, तिथे तो शिकवायचाही. नवशिक्यांचे हाल त्याला रोज समोर दिसत होते, विशेषतः त्या तिसऱ्या तारेपाशी. त्याने फेंडर कंपनीला हलका सेट काढायला सुचवलं, त्यांनी नको म्हटलं. मग त्याने स्वतःच तारा बनवून घेतल्या आणि १९६२ मध्ये 'स्लिंकी' नावाने विकायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत रॉकवाल्यांनी त्या अक्षरशः उचलून धरल्या.

म्हणजे साठच्या दशकापासूनचे जे लांब, रडवणारे, माणसाच्या गळ्यासारखे बेंड ऐकून आपण गिटारच्या प्रेमात पडलो, ते हलक्या तारा आल्यामुळे सगळ्यांच्या आवाक्यात आले. आणि आज आपण 'टेन्स म्हणजे नॉर्मल, नाइन्स म्हणजे बच्च्यांचं काम' असं म्हणतो, तेव्हा हे विसरतो की त्या काळात टेन्ससुद्धा बच्च्यांचंच काम होतं. आज फेंडरच्या बऱ्याच गिटारी कारखान्यातूनच नाइन्स लावून येतात, आणि गिब्सनच्या टेन्स. त्यामागेही गणित आहे. गिब्सनचं माप थोडं आखूड, पावणेपंचवीस इंचांचं, त्यामुळे त्याच तारा तिथे जवळजवळ सहा टक्क्यांनी सैल लागतात. लेस पॉलवर टेन्स वाजवणाऱ्या मित्राचं ऐकून स्ट्रॅटवर टेन्स चढवणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा. आकडा एकच, पण बोटांना लागणारी गोष्ट निराळी.

बरं, आता आक्षेप. प्रामाणिकपणे एकेक घेऊ.

पहिला: आवाज पातळ होतो. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर लोखंड हललं की वीज तयार होते. लोखंड कमी तर सिग्नल किंचित कमी. पण किंचित म्हणजे किती? पिकअपचा स्क्रू फिरवून तो तारांच्या जरा जवळ आणला की हिशेब चुकता होतो. त्यापुढे व्हॉल्यूमचं बटण, पेडल, ॲम्प, स्पीकर, खोली, एवढी सगळी साखळी उरतेच. यातल्या प्रत्येक कडीचा आवाजावर होणारा परिणाम एक हजारांश इंचापेक्षा मोठा आहे. ॲम्पचं बेसचं बटण एवढंसं फिरवायचं सोडून लोक बोटं का झिजवतात, हे मला कोडंच आहे.

हे ॲकूस्टिक गिटारला लागू नाही बरं का. तिथे तारेच्या जोरावरच लाकडी पाटी हलते, ताण कमी तर आवाज खरोखर लहान. गडबड तिथेच होते. ॲकूस्टिकवरचं शहाणपण उचलून लोक जसंच्या तसं इलेक्ट्रिकवर चिकटवतात. दोन्हीचं नाव गिटार असलं तरी आवाज तयार होण्याची यंत्रणा संपूर्ण वेगळी आहे.

दुसरा आक्षेप: हलकी तार जास्त अंतर ओढावी लागते. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, पण चूक आहे. साध्या तारेत ताण व्यासाच्या वर्गाने कमी होतो, आणि तारेचा ताठपणाही त्याच वर्गाने. दोन्ही एकमेकांना कापून टाकतात. त्यामुळे त्याच लांबीवर, त्याच स्वरासाठी, तार तेवढीच सरकवावी लागते, मग ती आठची असो की अकराची. फक्त जोर कमी लागतो. जोर कमी लागतो म्हणूनच सुरुवातीला आपण सवयीने जास्त ओढतो आणि सूर ओलांडून पुढे जातो. तो दोष तारेचा नाही, हाताला जुन्या वजनाची सवय असते इतकंच. दोन-तीन आठवड्यांत हात शिकतो.

तिसरा: हलक्या तारा तुटतात. इथेही गणित थोडं अनपेक्षित आहे. सुरात लावलेल्या साध्या तारेवर प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे पडणारा भार जाडीवर अवलंबूनच नसतो. म्हणजे सुरात असताना नऊची तार दहाच्या तारेपेक्षा तुटायच्या जास्त जवळ वगैरे काही नसते. तार तुटते ती ओरखड्याने, ब्रिजच्या धारदार कडेने आणि गंजाने. बारीक तारेत तेवढाच ओरखडा किंवा तेवढाच गंज तुलनेने मोठा हिस्सा खातो, एवढं मात्र खरं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुंबईत आणि कोकणात हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा, पावसाळ्यात गिटार उघडी न ठेवता बॅगेत ठेवा, आणि एकच तार पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल तर तिथल्या धातूची कड घासून घ्या. हे जाड तारांनाही करायला हवंच.

चौथा आक्षेप सगळ्यात खरा: हलक्या तारांवर हात जड पडला की सगळं बेसूर होतं. डाव्या हाताने गरजेपेक्षा जास्त दाबलं तर तार फ्रेटवर वाकते आणि सूर चढतो. उजव्या हाताने पिक जोरात मारला तर तार जास्त हेलकावते, फ्रेटवर खणखण आपटते. जाड तारा हे सगळं सहन करतात, झाकतात. हलक्या तारा काहीही झाकत नाहीत. पण मला विचाराल तर हा हलक्या तारांचा गुण आहे. कंपायलरने वॉर्निंग दिली की आपण वॉर्निंग बंद करत नाही (म्हणजे करू नये, असं म्हणतात). जोर किती लावतोय हे सांगणारी तार शिकणाऱ्यासाठी चांगली शिक्षिका आहे. हलका हात, आणि हव्या त्या ठिकाणीच जोर, यातूनच वाजवण्यात चढ-उतार येतात. सतत जोरातच वाजवणाऱ्याकडे आणखी जोरात वाजवायला जागाच उरत नाही.

मग जाड तारा कुणीच वापरू नयेत का? तसं अजिबात नाही. ज्याला गिटार दोन-दोन स्वर खाली उतरवून आधुनिक मेटल घट्ट वाजवायचंय, त्याला जाड तारा हव्यातच, नाहीतर खर्जाची तार दोरीसारखी लोंबकळते. आयोमीने त्या लोंबकळण्याचाच आवाज केला, पण तो आयोमी. स्लाइड वाजवणाऱ्याला जाड तार बरी पडते, कारण काचेची किंवा धातूची नळी तिच्यावर नीट टेकते. जाझवाला मोठे कॉर्ड्स वाजवतो, बेंड फारसे करत नाही, त्याला वेटोळ्याची तिसरी तार शोभते. जोरदार ऱ्हिदम हाच ज्याचा जीव त्याच्यासाठी मिश्र सेट मिळतात, वर नऊ आणि खाली शेहेचाळीस असे. बेंडसाठी वरच्या तारा मऊ, खालच्या घट्ट. या सगळ्यांत तार कामासाठी निवडलेली आहे. माझं भांडण आहे ते कामाशी संबंध नसलेल्या, निव्वळ छाती फुगवण्यासाठी केलेल्या निवडीशी.

आपल्याकडच्या वाद्यांच्या जगात हा प्रश्न किती साधेपणाने सुटलेला आहे बघा. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे प्रसिद्ध आहेत, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तानपुरा घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न असतो, पट्टी कुठली? काळी एक, काळी दोन, काळी पाच? पुरुष गाणार की बाई? त्यावर वाद्याचं माप आणि तारांची जाडी ठरते. काळी पाचला गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्यावर काळी एकच्या तारा चढवून "खऱ्या गवयाने याच वापराव्यात" असं कुणी म्हणालं, तर लोक त्याला चहा पाजून घरी पाठवतील. सतारीचंही तेच. बाजाच्या तारेवर चार-पाच स्वरांची मींड काढायची असते, म्हणून तार, ताण, लांबी आणि पडद्यांचा आकार हे सगळं त्या मींडेच्या सोयीने ठरलेलं आहे. सतारियाच्या बोटांवर घट्टे पडतात, दुखतंही, पण दुखावं म्हणून कुणी तार जाड लावत नाही.

आणि आपले कान तर मींडेवरच वाढलेत. स्वरापासून स्वरापर्यंत घसरत जाणं, मध्येच क्षणभर रेंगाळणं, पुन्हा परत येणं, हे लहानपणापासून गाण्यांत ऐकलेलं असतं. गिटारवर ते काढायचं साधन म्हणजे बेंड. तार पहिल्या सेकंदापासूनच तुमच्याशी कुस्ती खेळत असेल तर रेंगाळणार कसं? सगळं लक्ष स्वर गाठण्यातच जातं, तो कसा गाठायचा याचा विचार करायला उसंत मिळत नाही. हलक्या तारांनी माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच दिली. बोटात थोडा जोर शिल्लक राहतो, आणि नजाकत त्या शिल्लक जोरातून येते.

शेवटी मुद्दा दुखण्याचा. 'नो पेन, नो गेन' हे वाक्य जिमच्या भिंतीवर ठीक आहे. बोटांच्या टोकांची कातडी सुरुवातीला दुखते, काही आठवड्यांत घट्टे पडतात, ते दुखणं संपतं. तेवढं सगळ्यांनाच सोसावं लागतं. पण मनगट, कोपराखालचे स्नायू आणि बोटं वळवणारे ते दोरीसारखे कंडरे, यांच्या दुखण्याला घट्टे पडत नाहीत. आपल्यासारख्यांचे हेच अवयव दिवसाचे आठ-दहा तास आधीच कामाला जुंपलेले असतात. त्यांच्यावर संध्याकाळी अजून भार टाकायचा, आणि तोही आवाजात जवळजवळ काहीच भर न घालणारा, हा सौदा कुठल्याही हिशेबात बसत नाही. (झिणझिण्या किंवा बधिरपणा येत असेल तर तारांचा विचार नंतर, आधी डॉक्टर.) गिटार आपल्याला चाळिशीत, पन्नाशीत, साठीतही वाजवायची आहे. हात हे एकच हार्डवेअर असं आहे की ज्याचं अपग्रेड मिळत नाही.

ज्यांना अजूनही पटलं नाही त्यांनी एक साधी चाचणी करावी. जुन्या तारांवर एखादा तुकडा मोबाइलवर नाही, नीट कार्डवर किंवा इंटरफेसवर रेकॉर्ड करा. नव्या टेन्स आणि नव्या नाइन्स अशी तुलना करा, जुन्या-नव्याची नको, कारण ताज्या तारांची चकाकी कुठल्याही गेजला सुंदर बनवते. पिकअपची उंची आणि आवाजाची पातळी जुळवून घ्या. मग फाइलींची नावं मित्राला बदलायला सांगा आणि ऐकून ओळखा. ओळखलंत, आणि जाडच आवडली, तर खुशाल जाड वाजवा, माझी काही तक्रार नाही. नाही ओळखता आलं, तर मग कसल्या आवाजासाठी बोटं झिजवतोय हा प्रश्न स्वतःला विचारा.

गिटार ऐकणारा कुणीही आजवर "वा, काय जाड तार आहे" असं म्हणालेला नाही. तो सूर ऐकतो, ताल ऐकतो, आणि वाजवणारा मजेत आहे की नाही हे त्याला बरोबर कळतं.

ता. क. : नाइन्स नुसत्या चढवून मोकळे होऊ नका. ताण आठ-साडेआठ किलोंनी कमी झाला की मान थोडी सरळ होते, तारा फ्रेट्सच्या जवळ येतात आणि खणखण सुरू होते. मग लोक तारांना शिव्या देऊन परत टेन्सवर जातात. त्याआधी एवढं करा: तारा लावून एक दिवस जाऊ द्या. खणखण असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, तोही सैलच्या दिशेने, आणि मग पुन्हा तपासा. स्ट्रॅटसारखा तरंगता ब्रिज असेल तर तो मागे बसलेला दिसेल, मागच्या झाकणाखालच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे ढिले करा. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का ते बघून इंटोनेशन लावा. हात धजावत नसेल तर सरळ गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, अर्ध्या तासाचं काम असतं. आणि एकदम नऊ नको वाटत असतील तर साडेनऊचेही सेट मिळतात. पायरी अर्धी का होईना, पण खालीच :-)